नाव, मजला, काय हवं

लॉकडाऊनचं नाव निघालं की प्रत्येकाला वेगळं काहीतरी आठवतं. कुणाला फेटून फेटून मनगट दुखवणारी डालगोना कॉफी, कुणाला दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं रामायण, कुणाला दहावीचा कधीच न झालेला भूगोलाचा पेपर. मला याद्या आठवतात. आयुष्यभर बँकेत कारकुनी केली. माणूस निवृत्त झाला तरी रकाने आखायची सवय काही निवृत्त होत नाही. २०२० च्या मार्चमध्ये घरात एक कोरी फुलस्केप वही पडून होती आणि मी तिच्यात लिहायला बसले. ती वही अजून माझ्याकडे आहे. सुनेने दोनदा रद्दीत काढली, मी दोनदा परत आणली.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाचला ताटं वाजली. आमच्या सोसायटीत एकाने माळ्यावरचं पितळी घंगाळ काढलं होतं. २४ तारखेला रात्री आठ वाजता एकवीस दिवसांचं लॉकडाऊन जाहीर झालं आणि ते त्याच रात्री बारापासून लागू होणार होतं. मध्ये चार तास. त्या चार तासांत पुण्यात आमच्या सिंहगड रोडवरच्या किराणा दुकानांपुढे जी झुंबड उडाली तेवढी मी दिवाळीतसुद्धा पाहिलेली नाही. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. कडुलिंब सोसायटीच्या आवारातच मिळाला, पण साखरेच्या गाठी बऱ्याच घरांत आल्या नव्हत्या. खालच्या मजल्यावरच्यांनी गुढीला गाठीच्या जागी पार्लेजीचा पुडा बांधला आणि फोटो ग्रुपवर टाकला. त्या आठवड्यातलं एवढंच काय ते हसू. बाकी ग्रुपवर गरम पाण्याच्या गुळण्या, लसूण, कापराच्या पुरचुंड्या आणि इटलीतले व्हिडिओ.

याद्यांची सुरुवात माझ्या डोक्यातून निघालेली नाही. आमच्याकडे भाड्याने राहणारा एक आयटीतला मुलगा, लातूरकडचा, त्याने ग्रुपवर साधा प्रश्न विचारला, ‘आपल्या चार बिल्डिंगींत एकटे राहणारे आजी-आजोबा किती आहेत?’ उत्तर कुणालाच देता येईना. सेक्रेटरींकडे रजिस्टर होतं, पण त्यात मालकांची नावं. मालक न्यू जर्सीला किंवा बंगळुरूला, आणि आत राहणारी त्याची आई रजिस्टरात नाहीच. मेंटेनन्स कोण भरतो हे आम्हाला पैशापर्यंत ठाऊक होतं, दाराआड कोण आहे ते ठाऊक नव्हतं. मग त्या मुलाने आणि आणखी दोघातिघांनी मजले वाटून घेतले, दारांवर टकटक करून सहा फुटांवरून विचारून आले आणि नावं मला फोनवर सांगितली. मी रकाने आखले: नाव, मजला, फोन, मुलं कुठे, औषधं कोणती, काय हवं.

शेवटचा रकाना मी उगाच ठेवला होता. वाटलं होतं की तिथे सगळीकडे ‘दूध, भाजी, गोळ्या’ असंच येणार. दूध-भाजी आलंच, गोळ्याही आल्या. रक्तदाबाच्या, थायरॉईडच्या, आणि एका आजींची अशी एक गोळी जी नेहमीच्या औषधवाल्याकडे संपलेली आणि मिळाली ती पार कर्वे रोडला. पण त्यापलीकडेही बरंच काही आलं. बी बिल्डिंगमधल्या आजींना कानाच्या यंत्राचे सेल हवे होते. बटणाएवढे असतात ते, आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात आणि किराणा दुकानात मिळत नाहीत. सेल संपला की त्यांच्यासाठी मुलीचा फोन बंद, टीव्ही बंद, दारावरची बेल बंद. म्हणजे आम्ही सगळे नुसते घरात कोंडलेले होतो, त्यांच्या वाट्याला त्याच्याही आत एक खोली आली असती. एकाने कुठल्याशा डॉक्टरांकडून ते मिळवले. एका काकांना पासबुक छापून हवं होतं. खात्यातले पैसे फोनवर दिसतात हे त्यांना पटत नव्हतं, आणि बँकेत नोकरी केलेल्या बाईने त्यांना कुठल्या तोंडाने पटवायचं!

आणि एक आजोबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, ते म्हणाले, ‘मला काही नको. पेपर येत नाही, त्यातलं शब्दकोडं तेवढं राहतं.’ वर्तमानपत्रं घरपोच येणं बंद झालं होतं. चौथ्या मजल्यावरची नववीतली मुलगी हे ऐकून बसली असावी. तिने चौकटी आखून कोडं तयार केलं आणि आजोबांच्या दाराखालून सरकवलं. पहिलं फार सोपं होतं, आजोबांनी तसं लिहून परत पाठवलं. मग तिने शब्द अवघड केले. आजोबांनी एके ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली. पावसाळ्यापर्यंत हा पत्रव्यवहार चालू होता, आणि त्या दोघांनी एकमेकांना तोपर्यंत समोरासमोर एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

पुण्याला साथीची ही पहिलीच ओळख नव्हे. १८९७ च्या प्लेगबद्दल शाळेत आपण शिकतो ते रँडबद्दल आणि चापेकरांबद्दल. घरात घुसणारे सोल्जर, झडत्या, २२ जूनची रात्र. त्याच साथीत हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई तिथे रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यापर्यंत आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले ते २०२० च्या ९ मार्चला, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. योगायोगात अर्थ शोधणाऱ्यांतली मी नाही. पण लॉकडाऊनमध्ये जो कायदा रोज कानावर पडत होता तो साथरोग कायदाही त्याच १८९७ सालचा. सरकारने त्या सालातून कायदा बाहेर काढला. ससाणे मळ्याची आठवण मात्र आमच्या ग्रुपवर कुणी काढली नाही, मी धरून.

दुसरी यादी घरकाम करणाऱ्या बायकांची. हिच्यावरून भांडणं झाली. सोसायटीने गेट बंद केलं तेव्हा बायकांना कामावर येऊ नका असं सांगितलं, पगाराचं काय ते कुणी सांगितलं नाही. बऱ्याच घरांनी पूर्ण पगार दिला. काहींनी मार्चचा दिला आणि एप्रिलला ‘बघू’ म्हणाले. एका सभासदाने मला शांतपणे समजावलं, ‘काम नाही तर दाम कसं? तत्त्वाचा प्रश्न आहे.’ त्यांना स्वतःला घरबसल्या पगार चालू होता आणि त्यात तत्त्व आड येत नव्हतं. असो.

माझ्याकडे येणाऱ्या ताई पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहतात. आम्ही वर्गणी काढून शिधा द्यायचं ठरवलं तेव्हा कुणाला द्यायचा हे त्यांना विचारलं, आणि त्यांनी फोनवर जी यादी सांगितली तसली यादी कुठल्याही कार्यालयात तयार झाली नसती. कोणाचा नवरा रिक्षा चालवतो आणि रिक्षा हप्त्याची आहे. कोणाचं केशरी कार्ड आहे. केंद्राने माणशी पाच किलो फुकट धान्य जाहीर केलं होतं, पण ते अंत्योदय आणि प्राधान्य यादीतल्यांना. केशरी कार्डवाल्यांचं स्वस्त धान्य नंतर सुरू झालं, तेही विकतच. कोणाचं कार्ड गावाकडे परभणीला सासऱ्याच्या नावावर. कोण बाई कितीही उपाशी असली तरी मागणार नाही, तिला आधी द्या. कोणाकडे देऊ नका, त्यांच्याकडे नगरसेवकाकडून दोनदा आलंय.

शिध्यात काय घालायचं यावरही चर्चा. गव्हाचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, साबण इथपर्यंत एकमत. चहा-साखरेवर एकजण म्हणाले, ‘गरज आणि चैन यांत फरक करायला हवा.’ स्वतः ते सकाळपासून तिसरा कप घेत बोलत असणार, मला फोनवर बशी वाजलेली ऐकू येत होती. चहा-साखर घातली. ताईंनी बिचकत बिचकत आणखी एक गोष्ट सांगितली, बायकांची पॅड. वस्तीतलं दुकान बंद, मुली मोठ्या, घरात बाप आणि भाऊ चोवीस तास. वर्गणी गोळा करणाऱ्या आम्हा सगळ्यांत निम्म्या बायका होत्या, तरी हे आमच्या यादीत नव्हतं. आणि ताईंची एक अट होती: फोटो काढायचा नाही. ‘मागच्या गल्लीत पीठ दिलं नि फोटो काढले. पोरीच्या शाळेतल्यांनी बघितला तो. ती दोन दिवस जेवली नाही.’

ज्यांना शिजवायलाही जागा नव्हती त्यांच्यासाठी शिवभोजन केंद्रं होती. जानेवारीत दहा रुपयांना सुरू झालेली थाळी मार्चअखेरीस पाच रुपयांना झाली होती. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. सरकारी योजनांवर तोंडसुख घेणं आपल्याला जमतं, मलाही जमतं, पण त्या उन्हाळ्यात त्या पाच रुपयांनी किती जण तगले हे मी पाहिलंय.

तिसरी यादी आमच्या मागच्या बांधकामावरच्या मजुरांची. पत्र्याच्या खोल्यांत राहणारी माणसं, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशची. ठेकेदाराचा फोन बंद. सुरुवातीला कुणीकुणी त्यांना खिचडी आणून देत होतं, दुपारी एक गाडी, संध्याकाळी दुसरी. आमच्या लातूरकराने त्यांच्यातल्या मुकादमाला विचारलं, अजून काय हवं? तो म्हणाला, ‘भैया, खाना मिल रहा है। रिचार्ज करा दो।’ हे ऐकून ग्रुपवर काहींचे डोळे विस्फारले. उपाशी माणूस आधी मोबाईल मागतो म्हणजे काय! पण विचार केला तर आणखी काय मागणार? गावाकडे बायको-मुलं, म्हातारे आईबाप, आणि फोन बंद पडला की इकडे हा जिवंत आहे की नाही हे तिकडे कळायला दुसरा मार्ग नाही. गाड्या कधी सुटणार, नाव कुठे नोंदवायचं, सगळं त्या फोनवरच येणार होतं. पुढे देशभर मजुरांसाठी काम करणाऱ्यांनीही हेच सांगितलं, की रेशनच्या जोडीने रिचार्जची मागणी सगळीकडून येत होती. आम्ही रिचार्जची वेगळी वर्गणी काढली. दुसरी मागणी गव्हाच्या पिठाची. खिचडी बंद करा, पीठ आणि तेल द्या, आमचं आम्ही शेकून घेतो. दुसऱ्याच्या वेळेला, दुसऱ्याच्या हातचं, रांगेत उभं राहून किती दिवस खाणार माणूस?

१ मेपासून श्रमिक स्पेशल गाड्या सुरू झाल्या. महाराष्ट्रातून पहिली नाशिक रोडहून भोपाळला गेली. मग फॉर्मचं पर्व सुरू झालं आणि माझी खरी नोकरी परत आली. बँकेत काउंटरवर बसले की दिवसातून कितीदा तरी खिडकीतून कागद आत यायचा, ‘ताई, एवढी स्लिप भरून द्या.’ आता तसेच कागद सोसायटीच्या गेटच्या जाळीतून आत यायला लागले. नाव, वडिलांचं नाव, आधार, जिल्हा, ठाणं, जवळचं स्टेशन. गटागटाने यादी करून पोलीस ठाण्यात द्यायची. सोबत ताप-खोकला नसल्याचा डॉक्टरांचा दाखला, त्यासाठी वेगळी रांग, आणि काही ठिकाणी त्या दाखल्याचे पैसे. माझं हिंदी असं की गोंडा, गिरिडीह, कटिहार ही नावं मी ऐकून लिहिली आणि मुलांनी वाचून पोट धरून हसून दुरुस्त केली. बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा बी.ए. झालेला निघाला. भिंतींना पुट्टी मारत होता. पहिल्या दिवशी माझ्या जवळ नुसता उभा राहिला, दुसऱ्या दिवसापासून अर्धे फॉर्म त्याने भरले. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्याच्या स्टील कारखान्यातली माणसं, मध्य प्रदेशात घरी जायला भुसावळच्या दिशेने निघालेली. रेल्वे बंद आहे असं समजून रुळांवर टेकली होती. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा तो फोटो सगळ्यांनी पाहिला. त्या दिवशी गेटपाशी आलेल्या माणसांना तो आधीच फोनवर आला होता. कुणी काही बोललं नाही. बी.ए. झालेल्या पोराने विचारलं, ‘चाची, लिस्ट आगे गयी क्या?’ मी पोलीस ठाण्यात फोन लावला. उत्तर मिळालं, गेली आहे, मेसेज येईल. तो निघून गेला, संध्याकाळी परत येऊन तेच विचारलं.

मेसेज काहींना आला, काहींना आलाच नाही. काही जण वाट न बघता ट्रकने निघून गेले, रात्रीत खोल्या रिकाम्या. चालत निघालेले कुठे पोचले, कसे पोचले हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. नंतर वाचलं की नागपूर-हैदराबाद महामार्गावर यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीजवळ एका गुरुद्वाऱ्याचा लंगर रात्रंदिवस चालू होता. ऐंशी ओलांडलेले बाबा कर्नैलसिंग खैरा आणि त्यांचे सेवेकरी, दहा आठवड्यांत वीस लाखांच्या आसपास माणसं तिथे जेवून गेली अशी बातमी होती. आजूबाजूला मैलोगणती काही उघडं नसलेला तो पट्टा. तिथे कुणी नावं विचारली नसतील, फॉर्म भरले नसतील. प्रत्येक जागेची मदत वेगळी असते. रस्त्यावरच्या माणसाला आधी पानात वाढायचं, आणि अडकून पडलेल्याला त्याच्या अडचणीचं नेमकं नाव विचारायचं.

बी.ए. पोराचा गट पंधरवड्यानंतर गेला. गोंड्याहून फोन आला तेव्हा मागे बकरी ओरडत होती. ‘पहुँच गए चाची, चौदह दिन स्कूल में रखा है।’ मी वहीत त्याच्या गटापुढे बरोबरची खूण केली.

त्या दिवसांत धीर कसा धरला असं हल्ली लोक विचारतात, मुलाखत घेतल्यासारखं. काही धरला वगैरे नाही. संध्याकाळच्या बातम्या, राज्याचे आकडे, मुंबईचे आकडे ऐकले की हातपाय गळायचे. वही उघडून एखाद्या नावापुढे खूण केली की रात्रीच्या जेवणापर्यंत बरं वाटायचं. माझी आशा तेवढ्याच लांबीची होती. मोठी आशा बाळगणारे बरेच जण मे संपेपर्यंत फार चिडचिडे झालेले मी पाहिले, कारण ते ‘हे सगळं संपेल’ या तारखेची वाट बघत होते आणि ती तारीख दर पंधरा दिवसांनी पुढे जात होती.

चांगल्या याद्याही होत्या. जुन्नरकडचा द्राक्षवाला, निर्यात अडकली म्हणून पेट्या घेऊन गेटपर्यंत आला. देवगडचा आंबा दलालाशिवाय थेट दारात आला आणि पेटीत खरंच देवगडचाच निघाला, ही माझ्या आयुष्यातली दुर्मिळ गोष्ट. मार्केट यार्ड बंद पडलं तेव्हा शेतकऱ्यांचे गट भाजीच्या पिशव्या बांधून सोसायट्यांत येऊ लागले. कुणाला किती किलो, कोणत्या बिल्डिंगला आधी, हे गणित आमच्याकडच्या गृहिणींनी असं बसवलं की एकही पिशवी उरायची नाही. ज्यांची द्राक्षं विकलीच गेली नाहीत त्यांनी बेदाणा केला, सांगली-तासगावाकडे तर त्या वर्षी शेड कमी पडले म्हणे.

मग नर्सताईंचं प्रकरण. ए बिल्डिंगमध्ये भाड्याने राहणारी, एका मोठ्या रुग्णालयात कोविड वॉर्डात ड्यूटी. केरळची नाही, सगळे तसंच समजत होते, ती होती चंद्रपूरची. मे महिन्यात झूमवर सोसायटीची सभा झाली. पहिली वीस मिनिटं ‘म्यूट काढा, म्यूट काढा’ यात गेली, आणि मग एकाने विषय काढला की भाडेकरूंनी सध्या रुग्णालयाच्या वसतिगृहात राहिलं तर सर्वांच्याच हिताचं. नाव घेतलं नाही. नाव न घेता बोलण्यात आपला हात कुणी धरणार नाही. हीच माणसं मार्चमध्ये गॅलरीत ताटं वाजवत होती, घंगाळवाले सुद्धा. असे प्रकार इतक्या ठिकाणी झाले की केंद्राला एप्रिलमध्येच त्या १८९७ च्या कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली होती, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर शिक्षा म्हणून. सभेत पाच-सहा जण ‘बरोबर आहे, बरोबर आहे’ म्हणाले. शब्दकोड्यावाले आजोबा कॅमेरा छताकडे लावून बसले होते, नुसता पंखा दिसत होता. पंख्यातून आवाज आला, ‘उद्या मला झालं तर माझ्याजवळ कोण बसणार आहे? तुम्ही बसणार का? मग ज्या बसणार आहेत त्यांना राहू द्या.’ विषय तिथे संपला. ठराव वगैरे काही झाला नाही, पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

दुसऱ्या दिवशी मी नर्सताईंना फोन केला आणि तोच शेवटच्या रकान्यातला प्रश्न विचारला. वाटलं, डबा मागेल. ती म्हणाली, ‘काकू, रात्रपाळीवरून आले की वॉचमन गेटबाहेर थांबवून माझ्यावर औषध फवारतो. डोळ्यांत जातं. तेवढं थांबवा.’ आरोग्य मंत्रालयाने माणसांवर असं फवारू नका हे आधीच सांगून ठेवलेलं होतं. आमच्या गेटपर्यंत ते पोचलं नव्हतं एवढंच.

२०२१ चा एप्रिल आठवायला मला आवडत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. वही तीच, रकाने बदलले. बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन. फोनवर दर मिनिटाला नंबर फिरत होते आणि दहातले नऊ बंद किंवा जुने. तेव्हा आमच्या पोरांनी बँकेची शिस्त लावली: प्रत्येक नंबर आधी आपण लावून बघायचा, पुढे वेळ लिहायची, आणि दोन तासांपूर्वीचा असेल तर पुढे पाठवायचा नाही. अख्ख्या शहरात, देशात, तरुण मुलांनी हेच केलं. रेमडेसिविरसाठी लोक रात्र रात्र रांगेत उभे होते. जागतिक आरोग्य संघटनेने आदल्या नोव्हेंबरमध्येच ते वापरू नये असं म्हटलेलं होतं. प्लाझ्मासाठी आम्ही ओळखीपाळखीत फोन करून घसा बसवला, आणि मे महिन्यात तोही उपचारांच्या यादीतून निघाला. खरा उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर थांबू नका हे सांगणारा एक डॉक्टर, आणि डबा. घरी विलगीकरणात असलेल्यांच्या दाराच्या कडीला दोन वेळचा डबा लागत होता, आणि कोणत्या घराने कोणाला द्यायचा याची यादी नववीतून दहावीत गेलेली ती कोड्यावाली मुलगी ठेवत होती. परीक्षा रद्द झाली होती, तिला वेळ होता.

त्या यादीत एक नोंद आहे: ‘मुलगी, वय ६, निगेटिव्ह.’ आई-वडील दोघे पॉझिटिव्ह, आईला ऑक्सिजन लागलेला, आजी-आजोबा अकोल्याला. मुलगी अजून निगेटिव्ह, उद्या असेलच याची खात्री नाही, आणि तिला ठेवून घेणार कोण? हा प्रश्न ग्रुपवर टाकायचा की नाही यावर आम्ही अर्धा तास घालवला. टाकला. पाच मिनिटांत समोरच्या बिल्डिंगमधून उत्तर आलं, ‘आमच्याकडे पाठवा, गादी घातली आहे.’ मूल नसलेलं जोडपं, सोसायटीत कुणाशी फारसं बोलत नसत. त्यांनी आजवर एकाही यादीत काही मागितलंही नव्हतं. पंधरा दिवस मुलगी तिथे होती. आई घरी आली.

काही नावांपुढे खूण नाही. ती नावं मी इथे लिहिणार नाही. सेलवाल्या आजी त्यात आहेत.

लसीच्या वेळी वही परत उजेडात आली. १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली पण नोंदणी ऑनलाइन, पोर्टल सुरुवातीला इंग्रजीत, आणि स्लॉट उघडल्यावर मिनिटभरात गायब. संगणकापुढे बसणारी पोरं सगळीकडे मिळवत होती, अगदी मुळशीपर्यंत जाऊन टोचून येत होती. वस्तीतल्या बायकांना ते कसं जमणार? एका मोबाईल नंबरवर चार जणांची नोंदणी चालायची, म्हणून सोसायटीतल्या ज्यांच्या नंबरवर जागा शिल्लक होती त्यांनी ती दिली. ज्या तत्त्ववाल्या सभासदांचा मी वर उल्लेख केला, त्यांच्या नंबरवर तिघींची नोंदणी झाली. माणूस एका यादीत चुकला म्हणून सगळ्यात चुकतो असं नाही, हे मला मान्य करावं लागलं, जरा नाखुशीने.

त्यानंतर वही कपाटात गेली ती २०२४ च्या जुलैपर्यंत. २५ जुलैच्या पहाटे मुठेचं पाणी वाढलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलं, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. माणसं अंथरुणातून उठली ती गुडघाभर पाण्यात. सकाळी सातला लातूरकराचा फोन आला. त्याचं आता लग्न झालंय, नऱ्ह्याला स्वतःचा फ्लॅट घेतलाय, तिथून तो गाडीने निघाला होता. म्हणाला, ‘काकू, तुम्ही खाली उतरायचं नाही, पाणी आहे. वही घ्या, मी नावं सांगतो.’ मागे पाऊस इतका वाजत होता की अर्धी नावं मला ऐकू येईनात. पहिल्याच घराचं ‘काय हवं’ विचारलं तर म्हणाला, ‘ब्लँकेट, बिस्किटं भरपूर झालीत त्यांच्याकडे. दोघे सत्तरीचे आहेत, पाय भिजलेत, कोरडे मोजे आणि बीपीच्या गोळ्या. आणि चार्जर लिहा, बारीक पिनचा.’